मिश्राजींचा श्रावण

आमच्या घरात श्रावण पाळत नसत, पण तो लागला की मला नाकाने कळायचं. नाहूरला आमची दोन मजली चाळ होती. आम्ही खाली, आणि बरोबर आमच्या डोक्यावर मिश्राजी. ते महापालिकेच्या हिंदी शाळेत मास्तर. श्रावणी सोमवारी त्यांच्याकडून शिंगाड्याच्या पुऱ्यांचा आणि जिऱ्यात परतलेल्या बटाट्यांचा वास जिन्यातून खाली उतरायचा. मग पंधरा दिवसांनी चाळीतल्या मराठी घरांतून साबुदाण्याच्या खिचडीचा वास सुरू व्हायचा. एकाच जिन्यात श्रावण दोनदा लागायचा आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. आमची आई दोन्हीकडे बघून हसायची. "त्यांचा घाईचा, ह्यांचा सवडीचा. आपला म्हणशील तर बाजाराचा. मासळी स्वस्त झाली ना, खा पोटभर." आणि ती भर श्रावणात सुकं बोंबील-बटाटा असा काही करायची की वरून मिश्राजींची बायको खिडकी लावून घ्यायची. भांडण मात्र कधी झालं नाही. सणाला पुऱ्यांचं ताट खाली यायचं आणि चौदा एप्रिलला खिरीचं पातेलं वर जायचं.

हे सगळं मला माहीत होतं. रोज हुंगत होते. म्हणून तर आजही स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. मुलुंडच्या एका कॉलेजात ते प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये अटेंडंट होते. जनावरांच्या बरण्या पुसायच्या, प्रॅक्टिकलला बेडूक, झुरळं, मासे आणून द्यायचे, मुलांनी चिरफाड केली की टेबलं धुवायची. अंगाला फॉर्मलीनचा वास कायम. आई म्हणायची, "तुमच्या बापाला मेल्यावर सुद्धा किडे लागायचे नाहीत." सातवीपर्यंत शिकलेले, पण अक्षर टपोरं आणि डोळा असा की मुंगीचा पाय मोडलेला दिसावा. एकदा कॉलेजने त्यांना निवट्या आणायला खाडीवर पाठवलं. मिठागरांच्या पलीकडे, तिवरांच्या कडेला, चिखलात उड्या मारणारा तो बोटाएवढा मासा. डोळे डोक्यावर, पंखांवर रांगतो, पाण्याबाहेर मजेत राहतो. आई घाटावरची. तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा किंचाळली होती, "मासा आहे की पाल ही?" दादा मात्र त्या दिवशी चिखलातच अडकले, कायमचे.

तिथे तुळसाबाई नावाच्या एक कोळीण आजी निवट्या धरायच्या. त्यांनी दादांना खाडीचं घड्याळ शिकवलं. अष्टमीच्या सुमाराला भरतीचा जोर ओसरतो, त्याला भांग म्हणतात. तेव्हा पाणी वरच्या चिखलावर चढत नाही आणि दुपारी खाजण उघडं पडतं. मग दादा शुद्ध अष्टमीला एकदा आणि वद्य अष्टमीला एकदा, असे महिन्यातून दोनदा जेवणाच्या सुट्टीत सायकल मारत खाडीवर जायला लागले. चार बांबूंची एक चौकट केली होती. ती ठरलेल्या जागी चिखलावर टाकायची आणि आतली निवटीची पिल्लं मोजायची. तुळसाबाई कपाळाला हात लावायच्या, "अरं बाबू, निवटी खायाची असते, मोजतस कनाला?" दादा म्हणायचे, "आजी, खाऊन झाल्यावर किती होत्या ते कोण सांगणार?" अशी अठरा वर्षं मोजली त्यांनी. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी पैसे देत नव्हतं. फुलस्केप वह्यांत एकेक ओळ: महिना, पक्ष, तिथी, पिल्लं किती. इंग्रजी तारीख कधीच नाही. तिथी लिहिली की भरती कळते, मग तारखेचं काय लोणचं घालायचंय, असा त्यांचा हिशेब. समाजमंदिरात कुणीतरी टोमणा मारला होता, "साळवे, बौद्ध होऊन पंचांग बघता?" दादा उसळले, "चंद्र काय कुणाच्या बापाचा आहे का रे?"

मी त्याच कॉलेजात एम.एस्सी. करत होते. लॅबमधल्या माणसाची पोरगी म्हणून मला सगळे ओळखायचे आणि मला त्याची लाज वाटायची. खोटं कशाला बोलू? प्रॅक्टिकलला दादा माझ्या टेबलावर ट्रे ठेवायचे तेव्हा मी त्यांच्याकडे बघायची नाही. त्या वर्षी प्रधान मॅडम आमच्या विभागाच्या प्रमुख झाल्या. नुकत्याच परदेशातून परत आलेल्या, चटपटीत, मनाने वाईट नव्हत्या. आल्या आल्या त्यांनी सांगितलं, की विद्यापीठाच्या अंकात छापून काही होत नाही, ते उंदरांशिवाय कुणी वाचत नाही. छापायचं तर बाहेरच्या जर्नलमध्ये. एकदा कपाट आवरताना दादांची वही त्यांच्या हाती लागली. त्यांनी उभ्या उभ्या चार पानं वाचली आणि मला बोलावलं. "तुझ्या वडिलांनी हे केलंय? अगं, अठरा वर्षांची सलग नोंद! जगात कुणाकडे नाहीये हे." मला त्या दिवशी प्रथमच वाटलं, की हा माणूस माझा बाप आहे हे चारचौघांत सांगावं. हेही बघा कसं, मॅडमनी सांगितल्यावर वाटलं.

आम्ही निबंध लिहिला. मी इंग्रजी माध्यमातली, म्हणून भाषांतर आणि आकडेमोड माझ्याकडे. दादांचं नाव शेवटी आभारात घालू, असं मॅडम म्हणाल्या. तेव्हा मात्र मी पाय रोवून उभी राहिले. "मॅडम, मोजलं कुणी?" त्या हो म्हणाल्या. तिसरं नाव, पण नाव. परदेशातून उत्तर आलं की काम मोलाचं आहे, मात्र तिथ्या चालणार नाहीत. स्थानिक धार्मिक दिनदर्शिका जगभरच्या वाचकाला कळत नाही, सगळ्या नोंदी प्रमाण तारखांत बदलून पंधरा दिवसांत पाठवा. पंधरा दिवस! अठरा वर्षांची पंचांगं आणायची कुठून? मराठी घरात जुनं कॅलेंडर टिकतं का कधी? एक जानेवारीला उतरतं आणि फडताळात डब्यांखाली जातं. मी आमची सगळी फडताळं उपसली, तेलाचे डाग पडलेले तीन-चार महिने हाती लागले. आई म्हणाली, "मिश्राजींना विचार ना. तो माणूस रद्दी विकत नाही."

मिश्राजींकडे खरंच सगळी होती. बनारसहून दरवर्षी मागवलेली, लाल कापडात बांधलेली, वर्षावार लावलेली पंचांगं. त्यांनी स्वतः खाली आणून दिली आणि म्हणाले, "बिटिया, देख के लिखना. हमारा महीना पूनम के बाद चढता है." मी म्हटलं, "हां चाचाजी, हां," आणि दार लोटलं. मला वाटलं, म्हातारा गावाकडच्या सणावारांचं काहीतरी सांगतोय. दादा त्या दिवसांत कॉलेजच्या परीक्षांत अडकलेले. मी एकटीने दहा दिवस बसून सगळ्या तिथ्यांच्या तारखा केल्या. श्रावण वद्य अष्टमी? त्यांच्या पंचांगात श्रावण कृष्ण अष्टमी. कृष्ण म्हणजेच वद्य, काळोखाचा पंधरवडा, एवढं मला येत होतं. तेवढंच येत होतं, आणि तिथेच वाट लागली. त्यांच्या पंचांगात महिन्याचा काळोखी पंधरवडा आधी येतो, आपल्याकडे नंतर. उजेडाचे पंधरवडे दोघांचे सारखे, पण काळोखी पंधरवड्याचं नाव एका महिन्याने वेगळं. म्हणजे दादांच्या अर्ध्या नोंदी माझ्या हातून एक महिना मागे गेल्या. मुंबईतल्या मराठी पोरीशिवाय ही चूक जगात दुसरं कुणी करूच शकलं नसतं.

आलेख काढला आणि मी ओरडलेच. पिल्लांचा एक हंगाम दिसायला हवा होता, दिसत होते दोन. आषाढाच्या शेवटी मोठा उभार, मध्ये खळगा, मग भाद्रपदात दुसरा लहान उभार. मॅडमचे डोळे चमकले. वर्षातून दोनदा पिल्लं देणारी निवटी कुणी पाहिली नव्हती. त्यांनी शीर्षकच बदललं, दुसरा हंगाम शीर्षकात आला. जर्नलने महिन्याभरात होकार कळवला आणि छापून यायच्या आधीच तिथल्या एका मोठ्या प्राध्यापकांचं मला पत्र आलं, की ह्या दुसऱ्या हंगामावर पीएच.डी. करायला या, शिष्यवृत्ती देतो. अख्खी चाळ पेढे खाऊन गेली. पासपोर्ट आला. आईने लसणीची चटणी आणि सुकटाची चटणी कुटायला घेतली, तिकडे थंडीत पोरगी काय खाईल म्हणून. मी त्या घरात, त्या चटणीच्या ठसक्यात, खोकत खोकत जितकी सुखी होते तितकी पुन्हा कधी झाले नाही.

अंक आला तो एका रविवारी दुपारी दादांच्या हातात दिला. त्यांनी आधी हात धुतले, पंच्याला पुसले, मग पान उघडलं. तिकडच्या रीतीने आडनाव आधी आणि नावाचं नुसतं अक्षर. साळवे, बी. त्यांनी त्या अक्षरावर बोट ठेवलं. "हा बी म्हणजे मीच ना गं, बेबी? भिकाजी?" म्हटलं, "तुम्हीच दादा." बोट तिथेच ठेवून म्हणाले, "वाच. मराठीत सांग." मी पाटावर बसून एकेक वाक्य मराठीत करून सांगू लागले. आई भाकऱ्या थापत होती, तिचा थपथप आवाज चालू होता. मी म्हटलं, "निवटीच्या पिल्लांचे वर्षात दोन हंगाम असतात." दादांचं बोट उचललं गेलं. "दोन? नाही गं. एकच." मी हसून आलेख दाखवला. हा पहिला, हा खळगा, हा दुसरा. त्यांनी खळग्याखालची तारीख विचारली. मी त्यातल्या एका वर्षाची सांगितली. ते आठवत बसले. मग हळूच म्हणाले, "ही तर गोकुळाष्टमी. त्या वर्षी मी चिखलातून आलो तर नाक्यावर दहीहंडीचा दोर बांधत होते. बेबी, गोकुळाष्टमीला खळगा कसा असेल? त्या दिवशी पाय ठेवायला जागा नसते पिल्लांनी. सगळ्यांत जास्त असतात गं."

वही आणली. श्रावण वद्य अष्टमी, समोर वर्षातला सगळ्यांत मोठा आकडा. असं प्रत्येक वर्षी. "पंचांग कुणाचं घेतलंस?" मी सांगितलं. ते एवढंच म्हणाले, "त्यांचा श्रावण आधी लागतो ना गं. त्यांची जन्माष्टमी भाद्रपदात, आपली श्रावणात. दिवस तोच." भाकरीची थपथप थांबली. दुसरा हंगाम नव्हताच. तो मी बनवला होता, आमच्या जिन्यात बसून.

मी मॅडमकडे धावले. त्यांनी वही पाहिली, आलेख पाहिला. म्हणाल्या, "दुरुस्ती पाठवली तर जर्नल निबंध मागे घेईल. तुझी शिष्यवृत्ती दुसऱ्या हंगामावर आहे, ती गेली समज. आणि पुढे इथलं कुणी काही पाठवलं तरी ते संशयानेच वाचतील. ठरव तू." घरी आले तर दादा टेबलाशी कोरा कागद घेऊन बसलेले. "लिही, बेबी. चूक झाली म्हणून लिही. मी सही करतो, बी नाही, पूर्ण नाव लिहून करतो." मी रडायला लागले. "दादा, माझं जाणं जाईल. सगळं जाईल." ते म्हणाले, "अगं, पण खोटं आहे ते." मी काय बोलले ते आजही माझ्या कानात जसंच्या तसं आहे. मी म्हणाले, "तुमचं काय जातं हो? तुम्हाला परत टेबलंच पुसायची आहेत!"

आईने चुलीवरचा तवा खाली उतरवला. दादांनी कागदाची घडी घातली. चारदा घातली, अगदी बोटाएवढी होईपर्यंत. "बरं," म्हणाले. "तू म्हणशील तेव्हा पाठवू." आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी चिडले तरी असते. पुढची वद्य अष्टमी आली आणि दादा जेवणाच्या सुट्टीत लॅबमध्येच डबा खाऊन बसले. चौकटीचे बांबू आईने वाळत घालायच्या काठ्या म्हणून वापरायला काढले. अठरा वर्षांत पहिल्यांदा वहीत ओळ पडली नाही, आणि मी जाईपर्यंत पडली नाही. विमानतळावर मला म्हणाले, "नीट राहा. स्वेटर घाल." दुसरं काही नाही.

तिकडे गेल्यावर मी हुशारीने विषय बदलला. दुसरा हंगाम शोधायला जाते तर सापडणार काय, माती? मी दुसऱ्याच एका माशावर पदवी घेतली, नोकरी केली, तिथेच मुरले. दादा दर आठवड्याला फोन करायचे नाहीत, परवडायचं नाही. पण वर्षातून एकदा हमखास करायचे, गोकुळाष्टमीला. ना आमचा तो सण, ना त्यांना दहीहंडीचं कौतुक. "बेबी, आज अष्टमी गं," म्हणायचे. "पिल्लं लागली असतील खाडीवर." मग मी काय म्हणते ह्याची वाट बघायचे. आणि मी विचारायची, "आईचे गुडघे कसे आहेत?" दरवर्षी विचारायची. आईचे गुडघे माझ्या फार उपयोगी पडले.

निबंध मात्र वाढत राहिला. लोक त्याचा दाखला देऊ लागले. एका देशात, मग दुसऱ्या देशात. मग कुठल्याशा बाहेरच्या विद्यापीठाची मंडळी आमच्या खाडीवर आली, दोन वर्षं राहिली, त्यांना दुसरा हंगाम दिसला नाही. दिसणार कसा? त्यांनी निष्कर्ष काढला, की शहराच्या घाणीने निवटीचा दुसरा हंगाम नष्ट केला. मोठ्या जर्नलमध्ये आलं, तिथून मराठी पेपरात आलं. त्या वर्षी गोकुळाष्टमीला दादा नेहमीचं वाक्य बोलले नाहीत. म्हणाले, "बेबी, पेपरात वाचलं. नव्हताच तो, तर संपला कसा गं?" मी गुडघ्यांचं विचारलं नाही. दोघांनी थोडा वेळ फोन नुसता धरून ठेवला, आणि मग त्यांच्याकडचे पैसे संपले. पुढची गोकुळाष्टमी त्यांनी पाहिली नाही.

निवृत्त होऊन मी परत आले, आता मुलुंडला राहते. आई गेल्यावर वह्या माझ्याकडे आल्या. गेल्या वर्षी मी शेवटी बसले आणि जर्नलला सगळं कळवलं. चूक माझी, मी एकटीची. वह्या निर्दोष आहेत. दोन पंचांगांतला फरक मला कळला नाही. मूळ निरीक्षक भिकाजी साळवे ह्यांनी तो त्याच दिवशी ओळखला होता आणि मी त्यांना गप्प बसवलं. दोन पानी पत्र लिहिलं. वह्यांच्या पानांचे फोटो पाठवले. प्रधान मॅडम कधीच गेल्या, दादा गेले. अर्जात प्रत्येक लेखकाच्या नावापुढे संमतीचा रकाना होता, मी दोन ठिकाणी 'हयात नाही' लिहिलं. सहा महिन्यांनी दुरुस्ती छापून आली. चार ओळी. मराठीत सांगते, दादांना सांगितलं असतं तसं: "स्थानिक पंचांगात ठेवलेल्या मूळ नोंदींतील त्रुटींमुळे ह्या निबंधातील तारखा चुकीच्या आहेत. दुसऱ्या हंगामाचा निष्कर्ष मागे घेण्यात येत आहे."

मूळ नोंदींतील त्रुटींमुळे. मी ते वाचलं आणि ओरडले, एकटीच घरात. लगेच लिहिलं, नोंदींत त्रुटी नव्हती, बदला हे. उत्तर फार सभ्य आलं. आपल्या भावना समजल्या, परंतु मजकूर प्रमाण नमुन्यानुसार आहे आणि दुरुस्तीची दुरुस्ती छापण्याची पद्धत नाही. फोन केला तर संगणकातली बाई बोलली. म्हणजे आता जगात कुठूनही कुणी शोधलं तर हेच सापडेल, की साळवे, बी. ह्यांना मोजता येत नव्हतं. आधी मी त्यांना गप्प बसवलं, आणि बोलले तेव्हा त्यांना खोटं पाडलं.

ह्या वर्षीही मिश्राजींच्या सुनेने तिच्या श्रावणातल्या पुऱ्या पाठवल्या. ती आता आमच्या मागच्याच इमारतीत राहते. मी त्या खाल्ल्या आणि दिवस मोजायला लागले. आज आमची अष्टमी. दुपारपासून नाक्यावर स्पीकर लावताहेत. फोन येणार नाही, तरी उशाशी ठेवला होता. मग उठून वही काढली आणि त्यांनी खाडीवर काढलेल्या शेवटच्या गोकुळाष्टमीची ओळ वाचली. ती तिकडे छापून येणार नाही, म्हणून इथे उतरवते. दादा, बघा, तारीख घातलेली नाही.

श्रावण, वद्य, अष्टमी. पिल्लं एकशे एकेचाळीस.